पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही

माझी आत्या सुभद्राबाई... तीच माझी सासूही. आमच्याकडे आत्याची मुलगी करतात, तशी मी सुरेखा केली. मी आज जो काही आहे तो आत्यामुळे, म्हणून तिचं नाव आधी. आणि हेही आधीच सांगतो, की असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी कारेगावात राहतो, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मोजून बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस. तरी पण...

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. नोकरी सांभाळून पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, भीमाकाठची चोपण जमीन – खारवलेली, पाणी न मुरणारी. सुरेखाही नोकरीला, मुलगी ईश्वरी लहान. तेव्हा आत्या मांडवगण फराट्याच्या घराला कुलूप घालून, गाय भावकीत देऊन आमच्याकडे आली. "तू शीक. पोरीचं मी बघते," एवढंच म्हणाली.

चारचौघांत ती मला 'जावई, तुम्ही' म्हणते. घरात मात्र 'पोपट'. लहानपणी मी पाढे घडाघडा म्हणायचो, म्हणून. हे नाव फक्त तीच घेते.

तिचाच एक नियम होता. रस्त्यात मागून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसरी मारेल. "एकच हाक मारतंय ते माणूस नसतंय," ती म्हणायची. मी हसायचो. पण सवय मलाही लागलेली.

ऊसतोडीच्या दिवसांतला रविवार होता. दौंड तालुक्यातल्या, नदीपलीकडच्या एका रानातून मी मातीचे नमुने घेतले. मालक दुसऱ्या दिवशी तिथं जमीन सुधारायला जिप्सम टाकणार होते. एकदा ते पडलं की मूळची माती संपली. प्रबंधाची मुदत आधीच वाढवून घेतलेली. सकाळी निघताना सुरेखाला म्हणालो होतो, "आज जमलं तर जमलं. नाहीतर सोडतो हे सगळं."

नमुन्यांची पिशवी गाडीला मागं बांधली आणि भीमेचा पूल ओलांडला. मांडवगणच्या अलीकडं दोन्ही बाजूंना उभा ऊस. डोक्यात हेल्मेट, खाली गाडीचा आवाज... तरीही कानाशी बोलल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं –

"पोपट!"

आत्याचाच आवाज. आत्या तर कारेगावात! गाडी बाजूला घेऊन थांबलो. ओ दिली नाही, दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आली नाही. मागं वळलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त लांबून उसाची ट्रॉली येत होती. मग पिशवीकडं लक्ष गेलं. दोरी सुटून ती नुसती आपल्या एका बंदावर गाडीला लोंबत होती. पुढं सगळे खड्डेच. तिथं पडली असती, तर मागच्या ट्रॉलीखाली...

घरी पोचलो तर सुरेखा दारातच.

"अहो, आईला विचारा आज काय झालं ते. डाळ निवडता निवडता केवढ्यानं ओरडली – पोपट! माझ्या हातातलं ताट पडलं."

आत्या चहा टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, निघालं तोंडातनं. तू ओ दिलीस का?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"नाही... थांबलो फक्त. पण आत्या, हाक एकच आली. तूच म्हणतेस..."

"आरं, थांबलास न्हवं? मंग दुसरी कशाला मारू? घसा काय फुकाचा हाय?"

कंपनीत एका मित्राला सांगितलं, तर तो म्हणतो, "म्हंजी तुझा पोपट झाला!" हसलो. पिशवी हलल्यामुळं गाडीचा तोल बदलला असेल, तो मनाला कळला असेल, इथवर मी स्वतःला पटवलंय. पण मग तिकडं आत्याच्या तोंडून तेच कसं निघालं? 

यंदा पदवी मिळाली. आत्या मांडवगणला परत गेली आहे, गायही परत आली. ईश्वरीशेजारी बसून ती अक्षरं शिकली, सावकाश वाचते. म्हणून फोन न करता मोठ्या अक्षरांत पत्र पाठवलं:

"आत्या,
पदवी मिळाली. आता जावई डॉक्टर झाला म्हणून गावात कुणी गुडघा दाखवायला आलं, तर सांग, हा मातीचा डॉक्टर हाय. ईश्वरी तुझ्याच हातची भाकरी मागते. सुट्टीत आणतो.
त्या दिवशी मी थांबलो, पण ओ द्यायची राहून गेली. ती आज देतो.
ओ, आत्या.
तुझा पोपट"