कागदावर पडणारा माणूस

१४ मार्चला चित्रकलेच्या मास्तरांनी एक हजार तीनशे चाळीस रुपये मोजून नवा चष्मा घेतला, तरी कागदावरचा माणूस पडायचा काही थांबेना.

मास्तर एकतीस वर्षं संध्याकाळच्या वर्गात माणूस काढायला शिकवत होते. चेहऱ्याला ते शेवटी हात घालत. आधी भार कुठल्या पायावर आहे ते बघायचं, मग दोऱ्याला किल्ली बांधून केलेला ओळंबा डोळ्यांसमोर धरायचा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्याच्या गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेघ त्याच पायाच्या घोट्यावर उतरते. नाही उतरली तर तो पडणार, असं ते पहिल्याच दिवशी मुलांना बजावत.

समोर चौथऱ्यावर उभा राहायचा तो एक जुना हमाल. तासभर हलत नाही म्हणून मुलं त्याला खांब म्हणत. गेले दोन महिने मास्तरांची रेघ खांबाच्या घोट्याबाहेर चार बोटं पडत होती. मुलांची मात्र अचूक घोट्यावर. बायको म्हणाली, काचा बदलून झाल्या, आता डोकं दाखवून या. मास्तरांना हसू आलं नाही. सोमवारचंही चित्र कललं तर वर्ग सोडायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

चित्र कललंच. मुलं घरी गेली, तरी त्यांनी खांबाला अर्धा तास जास्त उभं केलं. खोडलं, पुन्हा काढलं. ओळंब्याप्रमाणे हा माणूस पडायला हवा होता, आणि हा तर समोर धडधडीत उभा. शेवटी काही सुचेना म्हणून ते उठले आणि चौथरा आणि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले. खांबाने पाठीमागे घेतलेल्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरला होता.

“कधीपासून?”

“दोन महिने झाले, मास्तर. गुडघा उभं राहू देत नाही. बसलेल्याला निम्मेच पैसे देतात ना, म्हणून बोललो नाही.”

म्हणजे डोळा शाबूत होता. मुलांनीच समोर न बघता पाठ केलेला नियम कागदावर काढला होता. पण हायसं वाटून घ्यावं की शरमेनं मान खाली घालावी, मास्तरांना कळेना.

“सोड तो गज,” एवढंच ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी खांब बसला. बसलेल्याची रेघ कुठे उतरते, असं एका मुलीने विचारलं. मास्तर ओळंबा धरून बराच वेळ बघत राहिले, आणि बघावं लागेल, म्हणाले. हजेरीवहीत खांबापुढे त्यांनी ‘उभा’ असंच लिहिलं.

सोमवारच्या जास्तीच्या अर्ध्या तासाचे पंचेचाळीस रुपये खांबाला अजून द्यायचे आहेत.