लवेची दिशा

माझी मावशी लोकांचे गालिचे घरी धुऊन द्यायची. ज्यांच्याकडे आजेसासूच्या काळातले लोकरी, रेशमी गालिचे असत ती मंडळी ते गुंडाळून आणत आणि वर तिलाच दहा सूचना करत. मावशी ऐकून घ्यायची, चहा पाजायची आणि पाठ वळली की स्वतःच्या मनासारखं करायची. आधी गालिचा पालथा घालून पाठीवर हलके टोले. मग एका कोपऱ्यावर पांढरं ओलं फडकं दाबून रंग सुटतोय का ते बघायचं. मग गार पाणी, जरासा साबण आणि हात कायम लवेच्या दिशेने. गालिच्याची लव एका अंगाला झुकलेली असते. मांजराच्या पाठीसारखंच, एकीकडून हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. वाळवायचा सावलीत, आडवा पसरून. कुणी दोरीवर टाकलेला दिसला तर ती शेजारणीलासुद्धा फैलावर घ्यायची.

"मला ताप आला तर गोळी देते आणि गालिच्याला ओल लागली तर उशाशी बसते," असं काका म्हणायचे. काका घड्याळजी. भिंग डोळ्याला लावून जन्म गेला आणि म्हातारपणी साखरेने नेमके डोळेच नेले. दिसेनासं झालं तरी माणसाचा ताठा काही जाईना. मावशीने हात धरला की झिडकारायचे. "पुन्हा धरलास तर खोलीतून बाहेरच येणार नाही," असं त्यांनी तिला बजावलं होतं.

मी खालच्याच मजल्यावर राहायचे. माझी जीभ तिखट. "जिन्याच्या तोंडाशी फळीचं दार तरी बसवा," मी म्हटलं.

"मी काय रांगतं पोर आहे?"

"पोर परवडलं! ते निदान ओरडल्यावर थांबतं."

पण काका कसले ऐकतात. मधल्या खोलीत एका टोकाला न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला जिना. खुर्चीतून उठून जरा फेऱ्या मारल्या की त्यांना आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं व्हायचं. मग भिंत चाचपत उभे राहायचे आणि कुणी बघितलं तर खेकसायचे.

तोड मावशीनेच काढली. तिचा स्वतःचा एक लांबट गालिचा होता, कधी कुणाला हात लावू न दिलेला. तो तिने न्हाणीघरापासून जिन्यापर्यंत पसरला आणि काकांना अनवाणी त्यावर उभं केलं. "पायाखाली मऊ लागलं की पुढे न्हाणीघर. खरखरीत लागलं की जिना, तिथून मागे फिरायचं. आता माझी गरज नाही तुम्हाला."

काकांनी एक-दोन दिवस पाय घासून घासून पाहिलं. मग काय विचारता! हात मागे बांधून, मान वर करून मालकासारखे येरझारा घालायला लागले. एकटे जायचे, एकटे यायचे. मला मुद्दाम वर बोलावून चालून दाखवायचे. डोळे गेल्यापासून इतकं खूश मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मग एकदा त्यांच्याच हातून गालिच्यावर औषध सांडलं. मावशीने तो धुतला, वाळवला आणि पुन्हा घातला. आता तिची जुनी रीत अशी, की धुतलेला गालिचा परत घालताना त्याचं तोंड फिरवायचं, इकडचं टोक तिकडे, म्हणजे पायांनी एकच टोक झिजत नाही. आयुष्यभर हातातून गेलेल्या प्रत्येक गालिच्याला तिने हेच केलं होतं. याही वेळी तसंच झालं. तिने ठरवून नाही केलं हो, हातांनी केलं. गालिचा घालून ती स्वयंपाकघरात गेली.

काका डुलकी काढून खुर्चीतून उठले. पायाला मऊ लागलं. ते निर्धास्त चालत गेले, थेट जिन्यावरून खाली. मी आवाज ऐकून धावले तेव्हा ते वळणाच्या पायरीवर आडवे पडले होते.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवलंय, आधाराने चालतील. पण काकांनी भिंतीकडे तोंड केलं. "डोळे गेले तेव्हा वाटलं, पाय आहेत. आता पायही खोटं सांगायला लागले. संपलं माझं."

घरी येऊन मावशीने गालिच्यावरून एकदा जिन्याकडे, एकदा न्हाणीघराकडे हात फिरवला. "अगं, मी फिरवला गं. मी फिरवला."

तिने त्यांना सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. "अहो, तुमचा पाय नाही चुकला. मीच गालिचा उलटा घातला."

काका हसले. "तुझ्या हातून गालिचा उलटा पडेल? वेडी आहेस का?"

तिने शपथ घेतली. ते मान हलवत राहिले. मग तिने गालिचा ओढत आणला, दोन्ही टोकं त्यांच्या तळहाताखाली धरली, असा होता आणि असा झाला म्हणून परत परत दाखवलं. काकांनी शांतपणे हात काढून घेतला. "माझी समजूत घालायला किती खटपट करतेस गं." मग मला म्हणाले, "तुझ्या मावशीला धड खोटंही बोलता येत नाही."

"काका, खरं सांगतेय ती!" मी ओरडलेच.

"तूही सामील झालीस होय?"

त्यांनी पाय जमिनीला टेकवला नाही तो नाहीच. तिने विनवण्या केल्या, मी भांडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अंथरुणात पडून पडून छातीत कफ भरला आणि माणूस विझत गेला.

शेवटच्या सकाळी त्यांनी मावशीचा हात मागितला. पूर्वी झिडकारायचे तोच. दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माझं सगळं गेलं, पण तुझे हात कधी चुकले नाहीत हो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "नाही चुकले."