महालक्ष्म्यांखालचा टीव्ही

...तर तो कंडक्टर काही केल्या ऐकेना. काल गोष्ट इथंच अडली होती. अकोल्याच्या बसस्टँडवर नितेश गावंडे एकवीस इंची जुना टीव्ही पोटाशी धरून एस्टीच्या पायरीवर उभा, आणि कंडक्टर म्हणतो, "याचं तिकीट लागीन."

"बंद हाये भाऊ. भंगारच समजा."

"झोपलेल्या माणसाचंबी तिकीट फाडतो मी."

मागून एक म्हातारी कडाडली, "घे ना रे बाप्पा आत! त्या पोट्ट्याचे हात तुटून राहिले अन् तू कायदा शिकवून राहिला!"

शेवटी टीव्हीचं पूर्ण तिकीट फाटलं. पूर्ण तिकीट म्हटल्यावर पूर्ण सीट, नितेशही काही कमी नाही. त्यानं टीव्हीला खिडकीशी बसवलं. मूर्तिजापूरला गर्दी वाढली तेव्हा स्वतःची जागा त्या म्हातारीला दिली आणि बडनेऱ्यापर्यंत उभा आला. टीव्ही मात्र बसून आला, वारा खात.

एकोणतीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला हा माणूस जुन्या डबड्यासाठी एवढा जीव का टाकतो, हे अमरावतीत त्याच्या गल्लीत कुणालाच उमगलं नव्हतं. वडील देवमनराव बडनेऱ्याला रेल्वेतून रिटायर झालेले, आई साधनाबाई घर सांभाळणाऱ्या, आणि मुलगा दिवसभर खोलीत दार लावून. काय करतो विचारलं की म्हणायचा, "ग्राफिक्स प्रोग्रामिंग." बस, तिथंच त्याचं नशीब फुटलं. कारण आपल्याकडे ग्राफिक्स म्हणजे फ्लेक्स. शेजारच्या दुर्गाबाई एकदा पेढे घेऊनच आल्या. "नितेश, तू ग्राफिक करतं ना रे? आमच्या पोरीच्या साक्षगंधाचं बॅनर करून दे. जावई जरा उजळ कर."

नितेशनं दात-ओठ खात करून दिलं. तर दुसऱ्या दिवशी तक्रार. "जावई उजळ केला, मग पोरगी काहून सावळी ठेवली?"

आता त्याचं खरं काम सांगायचं तर असं. चित्र काढणारा वेगळा. त्या चित्रावर उजेड कुठून पडावा, सावली किती लांब जावी, पाणी कसं लकाकावं, हे कॉम्प्युटरला गणितात समजावून सांगणारा हा. डोकं भारी लागतं त्याला. पण हे भारी डोकं पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या कामाला लावलं होतं ते दागिन्यांच्या दुकानांसाठी. मोबाईलवर अंगठी गोल फिरते, हिरा चमकतो, गिऱ्हाईक खूश. तीन वर्षं नितेश अंगठ्याच फिरवत होता. एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, मले सपनातबी अंगठी दिसते." आईनं हात जोडले, म्हणाली, "अशीन बावा मग यंदा योग." पोरानं ताटावरून उठून कपाळ भिंतीला टेकवलं.

त्याचा जीव अडकला होता जुन्या गेममध्ये. लहानपणी आजोळी गेला की कौंडण्यपूरच्या जत्रेला न्यायचे. तिथं एका तंबूत टीव्ही मांडलेला, त्यावर कॅसेटचा गेम. टोपीवाला एक माणूस भिंतींवरून उड्या मारायचा, मागं निळा धबधबा पडायचा. सगळी पोरं त्या माणसाकडे बघत. हा धबधब्याकडे बघे. पलीकडचे दगड दिसतात त्यातून, हे कसं काय? मोठेपणी त्यानं शोधून काढलं. धबधबा आरपार नव्हताच मुळी. निळी रेघ, मोकळी रेघ, निळी रेघ, मोकळी रेघ, अशा नुसत्या उभ्या रेघा. आपण पाटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा मारून ओलं बोट फिरवलं की कशा एकमेकींत मिसळतात, तसं जुन्या टीव्हीची फुगीर काच त्या रेघांना मिसळवून टाकी. गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, ते त्या काचेच्या भरवशावरच चित्र काढायचे. तोच गेम आजच्या चपट्या टीव्हीवर लावा, धबधब्याचा कंगवा होतो.

दोन वर्षं खपून नितेशनं एक प्रोग्राम लिहिला. चपट्या पडद्यावर तो जुन्या काचेची जादू आणायचा. आणि जग कसं असतं बघा, फिनलंड नावाच्या बर्फाच्या देशात एक लहानशी कंपनी नेमकी जुने गेम नव्यानं काढत होती. नितेशनं अर्ज केला. चार मुलाखती झाल्या. आता उरले दोघं, एक हा आणि एक तिकडचाच कुणी.

हे सोपं समजू नका. याआधी दोनदा त्याचं परदेश तोंडाशी येऊन हुकलं होतं. पहिल्यांदा बोलावणारी कंपनीच बुडाली, तिकीट काढायच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा व्हिसा नाकारला, का ते कुणी सांगितलं नाही. तेव्हा विकत घेतलेला जाड कोट साधनाबाईंनी डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला होता, आणि कपाट उघडलं की नितेश तोंड फिरवायचा. ही तिसरी खेप. हीही गेली तर आपण म्हातारपणापर्यंत अंगठ्याच फिरवणार, असं त्यानं स्वतःशी पक्कं धरलं होतं.

फिनलंडच्या कंपनीनं शेवटची परीक्षा दिली ती अशी. एका बाजूला खरा जुना टीव्ही, दुसऱ्या बाजूला तुझा प्रोग्राम, दोन्हींवर एकच गेम, तीन मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग. मध्ये कुठं कापाकापी नको. बुधवारी संध्याकाळी भारतातल्या सात वाजेपर्यंत पाठव.

नितेशकडे एकाच बनावटीचे, सारख्या मापाचे दोन जुने टीव्ही होते. एक सुट्या भागांपुरता, आणि दुसरा तो खिडकीत बसून आलेला, कंडक्टरला बंद सांगितलेला पण चालू. सोमवारी त्या चालू टीव्हीतून फुस्स आवाज आला आणि पडदा काळा झाला. अकोल्याचे नत्थुजी हे अख्ख्या वऱ्हाडात अशा टीव्हीची नाडी ओळखणारे बहुधा शेवटचे मेकॅनिक. नितेशनं शहाणपणा केला. आता पुन्हा कंडक्टरशी भांडण नको म्हणून टीव्हीचं मागचं झाकण काढलं, आतली पाटी, म्हणजे ते तारा-बिरांचं सर्किट, तेवढं उचलून पिशवीत घातलं आणि मंगळवारी पहाटेच अकोल्याला गेला. टीव्हीचं खोकं आणि काच घरीच राहिली, पाठ उघडी टाकून.

नत्थुजींनी दिवसभर पाटी उलटीसुलटी केली. म्हणाले, "तीस वर्षं झाली इले. तुयापेक्षा मोठी हाये ही. मानानं वागव." आणि चालू करून दिली.

संध्याकाळी नितेश हसत घरात शिरला, आणि दारातच थांबला.

महालक्ष्म्या आल्या होत्या. मंगळवारी आवाहन होतं, हे त्या पोराच्या ध्यानातही नव्हतं. समोरच्या खोलीत मखर उभं, वर फुलोरा टांगलेला, करंज्या, पापड्या, वेण्या. ज्येष्ठा-कनिष्ठा नव्या पैठण्या नेसून, नथ घालून बसलेल्या. दरवर्षी त्या ज्या ट्रंकांवर बसत त्या यंदा तळातून गंजून गेल्या होत्या. साधनाबाईंनी घरभर शोधलं, तर नितेशच्या खोलीत एका मापाची, एका उंचीची दोन खोकी! त्यांतलं एक तर पाठीमागून उघडं, आत काचेशिवाय काही नाही. त्यांवर सागाची फळी टाकली, जुनी साडी गुंडाळली, फळीवर गहू भरलेल्या दोन्ही कोठ्या ठेवल्या, कोठ्यांवर मुखवटे. आरती होऊन तासभर झाला होता.

"आई, माहा टीव्ही?"

"खाली हाये. काय झालं? फुटला नाई, पाह्यलं मी."

"मले तो आता पाह्यजे. आत्ता!"

साधनाबाईंनी कानाला हात लावले. "बसल्या रे त्या! परवा संध्याकाळपर्यंत हलवत नसतेत."

"मागून पाटी तरी बसवू दे!" नितेश आडवा पडून मखराच्या मागं डोकं घालू लागला. टीव्हीची पाठ भिंतीला लागून. चार बोटांची फट. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बाहेर काढला तर कोपरावर हळदी-कुंकवाचा पट्टा.

मग झाली भांडाभांडी. नितेश म्हणाला, दहा मिनिटांत फळीखाली विटा सरकवतो. आई म्हणाली, धक्का लागला तर? तो म्हणाला, माहं आयुष्य खाली दबून राहिलं. आई म्हणाली, वर कोण बसलं हाये ते पाहून बोल. तो बापाकडे वळला. देवमनराव पेपर खाली न करता म्हणाले, "मी पस्तीस वर्षं रेल्वेत काढली. सिग्नल लाल असला का गाडी उभी राह्यते. याच्यावर मले समजत नाई."

दुसरा टीव्ही शोधावा तर गाव चपट्या टीव्हींचं झालेलं. परतवाड्याच्या एका चहावाल्याकडे होता तसला, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मागच्याच महिन्यात कोंबड्यायच्या खुराड्यासाठी दिला बावा एकाले. काच काढून घेतली त्यानं." नत्थुजींना फोन केला, तर मागं आरतीचा टाळ वाजत होता. "माह्याबी घरी महालक्ष्म्या हायेत पोरा. परवा ये."

बुधवार उजाडला. हा जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, ज्वारीची आंबील. सकाळपासून माणसं. आणि नितेशच्या हाती वाढायची बादली. तो आंबील वाढत होता आणि घड्याळ बघत होता. दुर्गाबाईंनी पानावरून मान वर केली. "काहून तोंड असं केलं रे? परदेशात जाणारा ना तू? तिकडं भेटन का आंबील?"

"तिकडं टीव्ही तरी रिकामा भेटन," नितेश म्हणाला, आणि त्यांच्या पानात इतकी आंबील ओतली की कढी वाहून भाजीत गेली.

चारच्या सुमाराला पंगती उठल्या. घर शांत झालं. साधनाबाई पदरानं हात पुसत मुलापुढं येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल झालेले, चुलीच्या धुरानं म्हणावं तर घरात गॅस.

"तुले हलवाच्या असन तं हलव," त्या म्हणाल्या. "मी मधात जाऊन पडते. मले सांगू नको हलवल्या का नाई."

आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं.

देवमनरावांनी पेपर घडी केला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. खोलीत नितेश आणि त्या दोघी. विटा त्यानं कालच अंगणातून आणून ठेवल्या होत्या. विटा, पाटी, रेकॉर्डिंग, सगळं धरून तासाभराचं काम. त्यानं फळीला दोन्ही हात लावले. गव्हाचं वजन हाताला लागलं. समईची ज्योत जराशी हलली, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला. फिनलंडचा. कंपनीत माणसं नेमण्याचं काम बघणारी चारुता, मूळची पुण्याची, सहा वर्षं तिकडं राहणारी. पहिल्या मुलाखतीपासून ही नितेशशी मराठीतच बोलायची, आणि तिच्या मराठीपुढं हा शाळेतल्यासारखा शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा.

"नितेश, फाइल अजून आली नाहीये. दुसऱ्या उमेदवारानं कालच पाठवली. खरं सांगू? टीमला तुमचं काम जास्त आवडलंय. पण सातच्या पुढं मी थांबवू शकत नाही."

नितेशनं फळीवरून हात काढला आणि सगळं सांगितलं. ट्रंका, खोकी, पाटी, चार बोटांची फट.

चारुता हसली. वाईट नाही, मोकळं हसली. "अय्या, गौरींखाली? अहो, आमच्याकडेही असतात की! खड्यांच्या. ताम्हनात पाच खडे. मी इथंसुद्धा बसवते. स्वयंपाकाला ओटा लागला की उचलून फ्रिजवर ठेवते, काही होत नाही हो. जरा बाजूला करा ना! पटकन. कुणाला कळणारे? मी टीमला काय सांगू, सातपर्यंत येतंय ना?"

कालपासून हेच वाक्य, अगदी हेच, नितेश आईला ऐकवत होता. त्यानं मखराकडे पाहिलं, मग आतल्या बंद दाराकडे. शुद्ध बोलायचं राहूनच गेलं. तो म्हणाला:

"मॅडम, मले लय राग येऊन राहिला, तुमचा नाई, साऱ्याईचाच. तुमचे खडे ताम्हनात हायेत, आमच्या इथं दोघी जणी बसल्या हायेत, माहेरी आल्यात, अन् उद्या संध्याकाळी सहा वाजता माही आई त्याईले उठवीन. आतापर्यंत आई हलवू नको म्हणे, तवा मी विटा आणून ठेवल्या होत्या. आता आईच हलव म्हणून दार लावून आत पडली, तं माह्या हातानं होऊन नाई राहिलं. उद्या सहाले उठल्या का आठले फाइल देतो, तीन मिनटाची, एका दमात. तेवढं थांबता येत असन तं थांबा. नाईतर त्या दुसऱ्याले घेऊन टाका, त्याच्या टीव्हीवर कोनी बसलं नसन."