खाकरून उघडायची पेटी

पेटीचं दार उघडण्याआधी मारुतीमामा खाकरायचे. पाथरीच्या बियाणे गोदामात मी नवीनच रुजू झाले होते आणि पहिल्याच सोमवारी हा प्रकार पाहिला. त्यांनी चपला बाजूला काढल्या, दोन पावलं मागं सरून घसा साफ केला आणि मगच त्या झडपांच्या लाकडी पेटीचं दार उघडलं. मला हसू आवरेना.

"मामा, आत कुणी बसलंय का?"

"बाईमानसाचा केस हाय आत, ताई. न खाकरता कसं उघडावं?"

केस खरोखरच होता. पेटीतल्या यंत्राला कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला नुसतं 'ढोल' म्हणायचो. किल्लीवर चालणारा तो पितळी ढोल आठवड्यात एक फेरा पुरा करायचा. त्याला आखीव कागद गुंडाळायचा, दोन बारीक टाकांना जांभळ्या शाईचा एकेक थेंब द्यायचा. वरचा टाक गरमी लिहायचा, खालचा हवेतली ओल. हा खालचा टाक हलायचा तो ताणून बसवलेल्या केसांच्या जुडीवर. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. ती रेषा बघून आम्ही गोदामाच्या खिडक्या उघडायचो नाहीतर लावायचो. चुकलं की बियाणं कुजलंच म्हणून समजा.

मी शेतकीची पदवीधर, मामा चौथी पास. पण ढोल लावायला मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी टाकात शाई ओतली आणि कागदावर हा एवढा डाग पाडला. मामा म्हणाले, "शाई हाय ताई, कालवन न्हाई. वाढायलाव कशाला भरभरून?" किल्ली देतानाही हात राखायला सांगायचे. "लय पिळलं की मानूसबी तुटतंय." चिडायची सोयच नव्हती, कारण बोलताना ते स्वतःच आधी हसायचे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ते पेटले होते आणि एसट्या बंद होत्या, तेव्हाच्या एका सोमवारी मामा गावाहून चार कोस चालत आले. मी रागावलेच. वाटेत काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?

"एसटी बंद हाय," मामा चपला काढत म्हणाले, "हवा चालूच हाय की."

पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी गोदाबाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेरावं उरकून मामा कामावर आले, पेटीपुढं खाकरले, कागद बदलला. बोलणं मात्र कमी झालं. आणि त्याच हिवाळ्यात ढोलाची केसांची जुडी तुटली. वरच्या ऑफिसला पत्र धाडलं, उत्तर आलं, 'मागणी नोंदवली आहे.' म्हणजे बसा वाट बघत! खालचा टाक तसाच पडून राहिला.

चार दिवसांनी मामांनी माझ्या टेबलावर फडक्याची एक गाठ ठेवली. सोडून बघते तर केसांचं गुंतवळ. आमच्याकडं बायका विंचरताना निघालेले केस गोळा करून भिंतीच्या फटीत खोचतात आणि केसवाली आली की त्यावर सुया-दाभण घेतात. त्यातलंच ते.

"कुणाचं हो?"

"घरचंच हाय."

सुनेचं असेल, असं मी धरून चालले. दोन दिवस खपून मामांनी एकेक लांब केस मोकळा केला. मी रिठ्यानं धुऊन जुडी बसवली, तर टाक आठवडाभर जागचा हलेना. केसाला तेल राहिलं असलं की तो ओल घेत नाही. मग स्पिरिटचा बोळा घेऊन पुन्हा पुसायला बसले. मामा शेजारी उभे होते. "तेल काय कमी लावायची व्हय," ते पुटपुटले. माझं लक्ष बोळ्यात.

शेवटी यंत्राभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि आम्ही दोघं डोळे लावून बसलो. टाक थरथरला आणि सरसर वर चढला.

"बोलली!" मामा म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसत बाहेर गेले.

पुढच्या सोमवारी त्यांनी चपला काढल्या आणि सरळ दार उघडलं. खाकरले नाहीत.

"का हो मामा, आज मुक्यानं?"

"घरच्या मानसाला काय खाकरायचं, ताई?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

आठ महिने गोदाबाईंनी आमच्या गोदामाची हवा लिहिली. ओल मोजायच्या ओल्या-कोरड्या थर्मामीटरशी मी रोज ताडून बघायची. कंपनीच्या जुडीपेक्षा काडीचंही कमी नव्हतं. मग तपासणीला साहेब आले, येताना नवी जुडी घेऊन. "हे काय घरगुती लावलंय? काढा. आत्ता, माझ्यासमोर."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं म्हणायला हवं होतं, साहेब, हे बरोबर चालतंय, राहू द्या. नोंदवही हातात होती. पण नोकरी कच्ची होती, आणि मी ती वही मिटून बगलेत धरली. याची लाज मला आजही वाटते. मामांनी स्वतःच्या हातानं स्क्रू सोडला, केस उपरण्याच्या पदरात बांधले आणि नवी जुडी नीट ताणून बसवली.

साहेब गेल्यावर मी माफी मागितली. मामांनीच माझी समजूत घातली, "जाऊ द्या, ताई. आठ म्हैने सरकारी नोकरी केली तिनं. लय झालं."

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण तो पुढचा सोमवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांनी चपला काढल्या, सवयीनं सरळ दार उघडलं आणि आत हात घालता घालता थांबले. दार हळूच परत लावलं. दोन पावलं मागं सरले. आणि खाकरले.