भिंतीवरून फिरलेलं पंचचं पातेलं

मंडळी, आज कोजागिरीसाठी वाइनमध्ये सफरचंद आणि संत्री घालून पंच करत होते. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या पंजाबी आजी, आमच्या बीजी, पातेल्याकडे बघतच राहिल्या.

"तेरी सास भी यही बनाती थी, कर्फ्यू में."

ऐंशीच्या दशकात, इथे चंदीगडमध्ये दहशतवादामुळे कर्फ्यू लागायचा तेव्हा, सासूबाई अर्धं पातेलं वाइन मागच्या भिंतीवरून बीजींकडे द्यायच्या. बीजी त्यात डाळिंबाचे दाणे घालून ते पुढच्या घरी द्यायच्या. आठ घरांची फळं घेऊन पातेलं काठोकाठ भरून परत यायचं.

"वाटेत कुणी प्यायचं नाही?"

"पहले चक्कर में सिर्फ डालना. पीना दूसरे में."

मी सुरी ठेवली आणि पातेलं उचललं.

आत्ता बीजींच्या पलीकडच्या भिंतीवर पातेलं ठेवलंय. त्या घरात कोण राहतं, हे इथल्या बारा वर्षांत विचारलंच नाही. सांगा, हाक काय मारू?