क्लीनरच्या सीटवरून: कोपरगाव ते मिरजगाव

लोक प्रवासाला निघतात ते देवदर्शनाला, हवापालटाला, नाहीतर लग्नाकार्याला. मी निघालो तो किसनचं वाटोळं करायला. पन्नासेक वर्षांपूर्वीची, दुष्काळाच्या सालातली गोष्ट. नातीनं ब्लॉग उघडून दिलाय आणि "आजोबा, काहीतरी छान आठवण लिहा" म्हणते. छान नाही, पण खरी आहे.

किसन आणि मी एकाच शेठच्या ट्रकांवर ड्रायव्हर होतो. कोपरगावच्या कारखान्यांतली साखर उचलायची आणि जिल्हाभर पोचवायची, हे काम. शेठ नवीन ट्रक घेणार होते आणि तो आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होता. नोकरीत मी दोन वर्षांनी जुना. वेगमर्यादा पाळणारा म्हणून स्वतःबद्दल मला फार अभिमान. रस्त्यावर पाटी ताशी ४०, गाडीच्या मागे पेंटरनं रंगवलेलं ताशी ४०, आणि माझ्या मीटरचा काटाही बरोबर चाळीसवर. तरी किसन रोज माझ्या आधी पोचायचा. मी मिरजगावला गाडी लावायचो तेव्हा हा पोती उतरवून, हातपाय धुऊन बसलेला असायचा. व्यापारी मला म्हणायचे, "किसनभाऊ कवाच आलं." हे वाक्य ऐकून ऐकून माझं पित्त खवळायचं.

मी शेठकडे गेलो. "किसन बेफाम हाणतो. एक दिवस कुणाला तरी चिरडंल. नवी गाडी त्याच्या हातात देऊ नका."

शेठ म्हणाले, "तुझी गाडी स्प्रिंगच्या कमानी बदलायला गॅरेजात आहे. किसनचा क्लीनर गावी गेलाय. त्याच्या जागी बस, दोन दिवस सगळं बघ आणि मला येऊन सांग."

एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरनं क्लीनरच्या सीटवर बसायचं! पण नव्या गाडीसाठी मी तेही केलं. मनगटावर घड्याळ, खिशात वही. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतातच. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते टिपलं की वेग निघतो. मिनिटात एक दगड म्हणजे ताशी साठ. साठ निघाले की किसन संपला.

पहाटे पाचला कोपरगाव सोडलं. हल्ली तुम्ही कारनं निघालात तर नगर दोन तासांत येईल, चहाला थांबलात तरी. तेव्हा रस्ता एकपदरी, समोरून एसटी आली की एक चाक मातीत घालायचं. किसनच्या गाडीचं मीटर कधीच मेलेलं. त्याऐवजी समोरच्या काचेजवळ बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा टांगलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"हाच माझा काटा. टण्, टण् असं सुटं वाजतं तवर ठीक. सलग वाजाय लागली की पाय उचलायचा."

मी मनात हसलो आणि वही काढली. पहिला दगड ते दुसरा दगड: नव्वद सेकंद. पुन्हा मोजलं. ब्याण्णव. राहाता गेलं, राहुरी जवळ आली, नव्वद काही सुटेना. नव्वद सेकंद म्हणजे ताशी चाळीस. मला घड्याळच बिघडलंय असं वाटलं, कारण गाडी बैलगाडीसारखी चालली होती. माझ्या गाडीत चाळीसला झाडं सपासप मागं जातात. इथं मला बाभळीवरचे बगळे मोजता येत होते.

राहुरीच्या अलीकडे मला हमखास अडवणारा एक हवालदार असायचा. माझ्यावर त्याचा डूख आहे अशी माझी पक्की समजूत. त्यानं किसनला लांबूनच हात केला. "राम राम, किसनभाऊ." मला त्यानं कधी नावानंसुद्धा ओळखलं नव्हतं.

आठ वाजता आम्ही नगरात होतो. मला दहा वाजायचे. मग कळलं की किसन थांबतच नाही. मी राहात्याला चहा घ्यायचो, राहुरीला भजी, मग हवालदार, मग एका दोस्ताकडे पान आणि तासभर गप्पा. किसननं नगरला बसस्टँडजवळ एक चहा घेतला, पंचवीस पैशांचा, तोही उभ्यानं, आणि टायरांवर हात फिरवून निघाला. चहावाल्यानं त्याला अर्धा कप वर ओतला. मला नाही ओतला.

नगर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की मुलूख बदलतो. उसाचा हिरवा रंग मागे राहतो, पुढे नुसती उघडी माळरानं. त्या वर्षी तर विहिरींचे तळ दिसत होते. मिरजगावच्या अलीकडे आठ-दहा किलोमीटरवर दुष्काळी काम चालू होतं. पाचपन्नास बाया रस्त्याच्या कडेला खडी फोडत होत्या, आणि तान्ही पोरं बाभळींना बांधलेल्या झोळ्यांत. किसननं गाडी माणसाच्या चालीवर आणली. घंटा वाजायचीच थांबली. एक बाई हातोडी ठेवून पुढं आली, तशी त्यानं गाडी उभी केली.

"काय हिराबाई?"

"किसनभाऊ, टपावर गरुड काढल्याला ट्रक तुमच्यातलाच हाय का वो? लई माजल्यागत पळवतो त्यो. मागल्या आठवड्यात त्याच्या चाकाखालची खडी उडली न् माझ्या पोरीच्या कपाळाला लागली. डोळा थोडक्यात वाचला."

तिच्यामागं सहा-सात वर्षांची मुलगी होती. भुवईवर मळकी पट्टी. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी माझ्या चपलांकडे. गरुडवाली गाडी माझी होती.

किसननं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सांगतो त्याला मी. ऐकंल त्यो," म्हणाला आणि गियर टाकला.

लाज वाटली का? वाटली. पण आधी काय वाटलं ते लिहायचं तर लिहितो: हेवा वाटला. पन्नास हातोड्यांसमोर त्याला नुसतं बोट दाखवायचं होतं, आणि त्यानं दाखवलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर उतरून दाखवलं असतं. हा माणूस लवकर पोचायचा, लोकांना आवडायचा, आणि वर चांगलाही होता. एवढं सगळं एकाच माणसाला का मिळावं, या विचारानं मी आतल्या आत धुमसत राहिलो.

दोन किलोमीटर गेल्यावर मी तोंड उघडलं. "मी चाळीसच्या वर कदीच जात न्हाई. देवाशपथ."

"कंचं चाळीस?" किसन म्हणाला. "तुझी गाडी जुनी. काटा मैलाचा हाय तिचा."

तो पुढं म्हणाला, "आधी आपल्या गाड्यांच्या मागं पंचवीस लिवलेलं असायचं, आठवतंय? मग पेंटरनं चाळीस केलं. ते किलोमीटर झालं. वेग तेवढाच, आकडा बदलला."

मला सगळं आठवत होतं. ज्या दिवशी पेंटरनं पंचवीस खोडून चाळीस काढलं, त्या दिवशी मला वाटलं होतं की सरकारनं मर्यादा वाढवली. मी पेंटरला चहा पाजला होता. तेव्हापासून मी चाळीस मैलांनी, म्हणजे ताशी चौसष्ट किलोमीटरनं, मोठ्या अभिमानानं कायदा पाळत होतो.

"तुला ठावं हुतं तर बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं तू जानूनबुजून हाणतूस. आन् बोललो असतो तर तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. त्याचं तर नाहीच.

मिरजगावात साखर उतरवली, एका खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. ठेचा जपून खा, तिथला ठेचा घाम काढतो. दुसऱ्या दिवशी कर्जत, श्रीगोंदा करत काष्टीला गेलो. रस्ता निम्मा कच्चा, कंबर मोडते, पण काष्टीचा बाजार बघण्यासारखा. दुष्काळामुळे बैलांची नुसती गर्दी, गिऱ्हाईक कमी. आम्हाला परतीच्या भाड्याला लिंबाच्या गोण्या मिळाल्या आणि सगळी गाडी वासानं भरून गेली.

तिथून किसन म्हणाला, "नगरपतूर तू चालीव." आणि चक्क झोपला. माझ्या हातात गाडी देऊन, घोरत झोपला. मला ती झोपसुद्धा सहन होईना. असा भरवसा मी कुणावर टाकला नव्हता. घंटा सुटी वाजवत ठेवणं फार अवघड होतं. पाय आपोआप खाली जायचा, घंटा सलग खणखणायची, मी दचकून पाय उचलायचो. नगर येईपर्यंत पोटरीत गोळे आले. पण प्रत्येक वळणावर, झोळी दिसो न दिसो, मला पट्टी बांधलेली भुवई दिसत होती.

कोपरगावला पोचल्यावर शेठनी विचारलं, "काय निघालं?"

नव्वदच्या जागी साठ लिहिले असते तर शेठना काही कळलं नसतं. रस्त्यात दोनदा पेन काढलं होतं. नाही लिहिले. वही तशीच पुढं केली आणि म्हणालो, "किसन चाळीसनं चालवतो. जोरात मी चालवतो. चौसष्टनं." पोरीचंही सांगितलं.

शेठनी बराच वेळ वही पाहिली. "मग तो लवकर कसा पोचतो?"

"मधी थांबत न्हाई."

"असं." त्यांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढली. "म्हणजे तू चौसष्टनं जाऊन मध्ये थांबला नाहीस, तर आठवड्याला एक खेप वाढते. नवी गाडी तू घे. तुझी जुनी किसनला, त्याची विकून टाकू."

मी "नको" म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. किल्ली हातात घेतली, आणि जिच्यासाठी वर्षभर जळत होतो ती गाडी माझी झाली. बाहेर किसन लिंबाच्या गोण्या उतरवत होता. आता त्याचा चेहरा उतरेल, आता त्याला कळेल मला रोज कसं वाटायचं, असं मनात म्हणत मी त्याच्यासमोर किल्ली धरली. शेठ काय बोलले तेही सांगितलं.

किसननं गोणी खाली ठेवली. "ब्येस झालं," म्हणाला. "जुनी माझ्याकडंच बरी, मी काटा बघतच न्हाई. तुला काटा बघूनच चालवाय लागतं, आन् नव्या गाडीचा काटा किलोमीटरचा हाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुठंतरी थोडी जळजळ सापडेल म्हणून खूप शोधली. त्याला खरोखरच आनंद झाला होता.