उकंड्यावरून विकत घेतलेला भुऱ्या

उकंडराव आमचा शेजारी, भिंतीले भिंत. त्याच्या मायची आधीची लेकरं जगली नाई, म्हून हा जन्मल्याबरोबर त्याले उकंड्यावर नेऊन ठेवलं, म्हंजे शेणकचऱ्याच्या ढिगावर. आमच्या इकडं तशी रीतच हाये. देवाले वाटलं पायजे, हे कोणीतरी फेकून देल्लं लेकरू हाये, याले नेऊन काय करू! मग शेजारची बाई ते लेकरू उचलते अन् त्याच्या मायलेच विकते. किंमत सूपभर कोंडा. उकंडरावले माह्या सासूनं उचललं होतं. मरेपर्यंत ती त्याले चिडवे, "काय बे, माह्या उकंड्यावरचा माल, कसा हायेस?" अन् हा एवढा धिप्पाड गडी मान खाली घालून हसे.

माणूस लाखाचा, पण तोंडात जीभ हाये का नाई, असा. वांगे, मिरच्या, मेथी लावे अन् बाजाराच्या दिवशी गाडी जुपून चिखलीले ने. तिथं पंजाबराव म्हून एस.टी.चा डायवर होता. एकटा जीव, बायको वारलेली, जवळ फक्त एक कुत्रा. तो दर बाजारी उकंडरावजवळूनच भाजी घे. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तवा, त्या पंजाबरावची बदली झाली लांब यवतमाळकडं. तिथला घरमालक कुत्रं ठेवू देईना. त्यानं उकंडरावले इचारलं, अन् उकंडराव कोणाले नाई म्हणणं शिकलाच नाई. भाजी विकून गाडी रिकामी झाली, त्या रिकाम्या गाडीत भुऱ्या बसून आला.

पिल्लू असतं तर गोष्ट येगळी. हा चांगला वाढलेला कुत्रा, कानाजवळ पांढरे केस आलेले. आला अन् आंगणात पाय आखडून बसला, रुसलेल्या जावयावाणी.

उकंडरावची बायको रुखमा दारातून पाहून राह्यली होती. म्हणे, "हे कुत्रं यांचं हाये. मले त्याच्याशी काही घेणं नाई."

आता रुखमाचं सांगते, नाईतर तुमी तिले दगडाच्या काळजाची म्हणसान. तिची लेकरं राह्यली नाई. शेवटच्या पोरीले तर आमी उकंड्यावर ठेवली. सासू तवा गेली होती, म्हून उचलाचा मान माह्याकडं आला. म्याच उचलली, म्याच विकली. रुखमानं सूप भरून कोंडा देल्ला, "माह्यं लेकरू मले दे" म्हटलं अन् पोरीले छातीशी धरलं. सव्वा महिना झाला नाई तर पोरगी गेली. रुखमा रडली नाई. पण त्या दिवसापासून तिनं कोणत्याच वस्तूले माह्यं म्हटलं नाई. गाय यांची, घर यांचं, वृंदावनातली तुळसबी यांचीच.

भुऱ्याले ती भाकर दे, उपाशी नाई ठेवलं. पण आंगणाच्या पार टोकाले झाकणीत टाके अन् पाठ फिरवे. नाव घेऊन हाक मारणं तर सोडाच.

त्याचंबी मन इथं कुठं होतं म्हणा! आमच्या गावावरून चिखलीची एस.टी. जाये. भोंगा ऐकला का हा सडकेवर हाजीर. गाडी थांबली का डायवरच्या तोंडाकडं पाहे, अन् पंजाबराव नाई दिसला का गाडीमागं धावे ते थेट चिखलीच्या स्टँडवर. उकंडरावनं बाजारातून त्याले कितीदा परत आणलं, त्याचा हिशोब नाई. लोक हसत, "उकंडराव, तुमचा माल वापस येऊन राह्यला व्हय?" पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. एक दिवस गाडीमागं धावता धावता मागून आलेल्या छकड्याचं चाक त्याच्या पायावरून गेलं. उकंडरावनं त्याले खांद्यावर घालून आणलं. पुढच्या खेपेले जीवच जाईन, हे साऱ्याइले दिसून राह्यलं होतं.

उकंडराव माह्याकडं आला. म्हणे, "वयनी, मले उचललं म्हून मी राह्यलो. यालेबी उचला."

म्या म्हटलं, "भाऊजी, डोकं ठिकाणावर हाये का? कुत्र्याले कायचा आला उकंडा! तो तर दिवसभर तिथंच लोळते!"

रुखमानं भिंतीपलीकडून ऐकलं. अशी तणतणत आली, बापा! "पोरीले कामी आलं नाई, अन् कुत्र्याले येते? काऊन जखम खरवडता माणसाची?"

जन्मात न बोललेला माणूस तवा बोलला. "मले तर आलं ना कामी. एकाले येते, एकाले नाई येत. म्हून का उचलणंच सोडून द्याचं?"

रुखमा घरात निघून गेली. मले मात्र गलबलून आलं. म्या पदर खोचला.

उकंड्यावर ठेवल्याबरोबर भुऱ्या पाय ताणून मस्त झोपीच गेला. सारी आळी पोट धरून हसे. म्या त्याले उचललं. जवारीचं पोतं बरं, असं वजन! वरून त्या गाढवानं माह्यं सारं तोंड चाटलं. म्या ओरडली, "घ्या हो कोणी लेकरू! सूपभर कोंडा!"

उकंडराव सूप घेऊन धावत आला. म्या म्हटलं, "चालते व्हा. मायनं आलं पायजे. रीत म्हंजे रीत."

माह्ये हात भरून आले, पण म्याबी हट्टी. खूप उशिरानं रुखमा बाहेर आली. नवऱ्याच्या हातातून सूप घेतलं, माह्यापुढं कोंडा वतला अन् एक शब्द न बोलता घरात गेली.

म्या तिले ऐकू जाईन असं म्हटलं, "सौदा कच्चा राह्यला व, रुखमा! बोलल्याशिवाय लेकरू आपलं होत नाई."

तवापासून भुऱ्या सडकेवर जाये, पण गाडीमागं धावे नाई. पाय दुखे म्हून असन, मी काही देवाचा हवाला देत नाई. पण भाकरीची झाकणी आंगणाच्या टोकाहून उंबऱ्याजवळ आली, अन् थंडी पडली तशी चुलीजवळ. मी पाहून न पाहिल्यासारखं करो. रुखमाच्या तोंडी मात्र "यांचं कुत्रं"च.

पुढल्या साली तुरी कापायच्या दिवसांत एस.टी. थांबली अन् खाली उतरला कोण, तर पंजाबराव! बदली होऊन चिखलीले वापस आलेला. भुऱ्यानं काय केलं, सांगता येत नाई. रडला, लोळला, त्याच्या खांद्यापर्यंत उड्या मारल्या. पंजाबरावबी लहान पोरावाणी रडला. मग डोळे पुसत म्हणे, "उकंडराव, उपकार झाले तुमचे. आता घरमालक चांगला भेटला. नेतो याले."

उकंडरावनं मान खाली घातली. "न्या. तुमचाच हाये तो."

असा राग आला मले त्या माणसाचा! तोंड उघडणार तेवढ्यात रुखमा आली. हात पिठानं भरलेले, पदर कुठल्या कुठं. माह्याकडं बोट दाखवून म्हणे,

"कोणाचा हाये म्हणता? सूपभर कोंडा देऊन घेतला म्या त्याले. या जनकाबाईले इचारा. माह्यं लेकरू हाये ते!"

पंजाबरावनं तिच्याकडं पाह्यलं, मग डोक्यावरची टोपी काढली. "चुकलो, माय," म्हणे, अन् गाडीत जाऊन बसला.

भोंगा वाजला. गाडी निघाली अन् भुऱ्या लंगडत मागं धावला. वळणावरच्या लिंबापर्यंत गेला. रुखमा सडकेच्या मधोमध उभी. अन् मग ती ओरडली, "भुऱ्या! ए भुऱ्या!"

तो थांबला. गाडीकडं पाह्यलं, इकडं पाह्यलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राह्यला, अन् मग हळूहळू वापस आला.

म्या म्हटलं, "झाला व सौदा पक्का." पण तिचं ध्यान नव्हतं. ती मातीत बसली होती, त्याच्या गळ्याले मिठी मारून, अन् आपल्या पोरीसाठी पहिल्यांदा रडून राह्यली होती.